बिनधुराची शेगडी

रविवार, १ डिसेंबर १९९६

दिवसभरात जी वाक्ये माझ्या तोंडून बाहेर पडत नाहीत, ती कुठेतरी ठेवावीत, एवढ्यासाठी ही वही घेतली आहे. इंदापूरच्या शाळेत मी तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. वर्गात बोलते ते पुस्तकातले असते. शिक्षकखोलीत माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि घरी कुणाला सवड नाही. दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा आमचे सारे निरवांगी गाव बोलायला आले होते. पुढे बारामतीच्या महाविद्यालयात सगळे इंग्रजीत होते. शेवटच्या बाकावर बसून मी तीन वर्षे मनातल्या मनात मराठीत उत्तरे दिली, पदवी घेतली आणि परत आले. परत आलेले मात्र फारसे कुणाच्या लक्षात आले नाही.

सध्या घर भरलेले आहे. माझी थोरली बहीण सुजाताअक्का दुसऱ्या बाळंतपणासाठी सणसरहून माहेरी आली आहे. मुलगा झाला. तिची तीन वर्षांची श्रेयाही सोबत आहे. मागच्या वर्षी नानांनी, म्हणजे वडिलांनी, बांधलेली स्लॅबची खोली आजवर माझी होती, ती आता बाळंतिणीची झाली. माझी पेटी आणि टेबल मात्र तिथेच आहेत, म्हणून शाळेतून आल्यावर मी कोपऱ्यात बसून वह्या तपासते. दार-खिडकी बंद आणि बाजेखाली शेगडी. घरात एवढी उबदार जागा दुसरी नाही. अक्का पडलेली असते, मी लिहीत असते. असे एकत्र असणे मला आवडते, कारण त्यात बोलावे लागत नाही.

न्हाऊ घालायला भागुबाई येते. तिने मलाही न्हाऊ घातले आहे.

"हिचं टाळकं तवाच मोठं हुतं," ती आज अक्काला म्हणाली. "म्या म्हणलं, ही पोरगी एक तर मामलेदार हुईल, न्हायतर येडी."

"मग काय झाली?"

"मामलेदार कुठं झाली?"

अक्का पोट धरून हसली. मीही हसले, पण वहीत तोंड घालून.

शनिवार, ७ डिसेंबर

नाना काल दादरला चैत्यभूमीवर होते, आज पहाटे परतले. कचेरीत कारकुनी करणारा हा माणूस वर्षातून एकदा पांढराशुभ्र सदरा घालतो आणि एक दिवस कमी बोलतो. पण आज त्यांना बोलावे लागले. बाळ किरकिरत होते, म्हणून भागुबाईने मीठ-मिरच्या मागितल्या.

"आपल्या घरात दृष्ट-बिष्ट चालायची न्हाय, भागुबाई. छप्पन्न साली आमच्या म्हाताऱ्यानं सगळे देव नीरेत सोडले. आता परत मिरच्यांनी सुरुवात करायची व्हय?"

"बरं, ऱ्हायलं. शेक तरी देऊ का नगं?"

"शेकाला कोण न्हाय म्हणतंय? शेक म्हंजी औषध."

मग तिने शेगडीवर ओवा आणि वेखंड टाकून धुरी दिली. खोली धुराने भरली. बाळाला खोकल्याची उबळ आली, श्रेयाचे डोळे चुरचुरले. मी धुराविषयी काही बोलायला हवे होते. बोलले नाही, त्याऐवजी वहीच्या मागच्या पानावर एक आकृती काढली. डब्यात एका बाजूला छोटा दिवा, समोर प्रकाश ओळखणारा लहानसा भाग. मध्ये धूर आला की प्रकाश कमी होतो आणि घंटा वाजते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुख्याध्यापकांनी मला काहीतरी करायला सांगितलेच आहे. मी बोलू शकत नाही, पण माझ्याऐवजी बोलणारी एक वस्तू करू शकते.

शनिवार, १४ डिसेंबर

पहिला क्रमांक.

बारामतीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून सुटे भाग आणले होते, आणि पावडरीच्या रिकाम्या डब्याला भोके पाडली होती. पाहुण्यांनी विचारले, "याचा उपयोग काय, मॅडम?" मी नुसते डब्याकडे बोट दाखवले. शेवटी आठवीतली एक मुलगी पुढे झाली आणि तिने सगळे सांगितले. टाळ्या तिला मिळाल्या, त्या योग्यच होत्या. आता पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचे आहे.

घरी येताच घंटा अक्काच्या बाजेच्या उशाशी खिळ्याला अडकवली. आई म्हणाली, "बाळंतिणीच्या उशाला ह्ये काय लावलंस गं? कोयता ठिवत्यात, न्हाय तर अडकित्ता." नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कोयत्यापरीस बरं हाय."

मंगळवार, १७ डिसेंबर

घंटेने घरात मोठा गोंधळ केला. भागुबाईने शेगडी आत आणली की घंटा, धुरी टाकली की घंटा. श्रेया असेल तिथून धावत येते, बाजेपाशी उभी राहून टाळ्या पिटते आणि ओरडते, "धूल आला! धूल आला!"

भागुबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"ह्ये तुझं येडं बंद कर, मास्तरीण. न्हायतर मी चालले."

मग मी बोलले. शब्द मी आधीच मनात लिहून ठेवले होते, म्हणून जमले. मी म्हटले, धूर बाळाच्या छातीला वाईट असतो. शेगडी बाहेर लिंबाखाली पेटवावी, कोळसा पुरता लाल होऊन धूर संपेपर्यंत थांबावे आणि मगच आत आणावी. धुरी बंद करावी. घंटा गप्प राहिली की समजावे, सगळे ठीक आहे.

तिने कमरेवरचे हात खाली घेतले. "येवढंच ना? मग आदी सांगायचं तोंडानं. घंटी कशाला वाजवतीस?"

आज संध्याकाळी तिने तसेच केले. लोणारी कोळसा लालबुंद झाल्यावर शेगडी आणली, बाजेखाली सरकवली, दार लावून घेतले. घंटा वाजली नाही. "बघ. गप्प हाय तुझी घंटी," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

या घरात माझे म्हणणे कुणी ऐकून त्याप्रमाणे वागल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. पुन्हा पुन्हा आठवून मी त्याची वाक्यावाक्याने उजळणी करते आहे.

शुक्रवार, २० डिसेंबर

डोके दुखते. चार दिवस झाले, वह्या तपासायला बसले की कपाळावर पट्टी आवळल्यासारखे होते आणि अक्षरे हलतात. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

एक गोष्ट मात्र मला खुपते. सकाळच्या एसटीत खिडकीशी बसले आणि उसाच्या फडांवरून गार वारा तोंडावर आला की डोके उतरते. संध्याकाळी घरी येऊन अक्काच्या खोलीत बसले की पुन्हा सुरू. याचा अर्थ लावायला फार बुद्धी लागत नाही. मला माझ्या माणसांत बरे वाटत नाही. ज्या घरात माझे सगळे आहे, तिथे माझे डोके दुखते, आणि अनोळखी प्रवाशांत, जिथे मला कुणी ओळखत नाही, तिथे मी बरी असते. असे लिहिणे कृतघ्नपणाचे आहे. पण ही वही खोटे बोलण्यासाठी घेतलेली नाही.

अक्कालाही गळून गेल्यासारखे वाटते. आई म्हणते, बाळंतीण आहे, असेच असते. गाल मात्र लाल दिसतात, शेक मानवला म्हणायचा. श्रेया आज दोनदा ओकली. हरभरा बाधला.

मंगळवार, २४ डिसेंबर

कडाक्याची थंडी. भागुबाईने आज खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले. "नव्या खोलीला फटी कमी हायत," ती म्हणाली, "जुन्या घरात आख्खं लुगडं लागायचं."

शाळेत नववीला ज्वलन शिकवले. धडा चांगला झाला. फळ्यावर लिहून दिले: हवा अपुरी असेल तर ज्वलन अपूर्ण होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. तो रंगहीन व गंधहीन असून अत्यंत विषारी आहे. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा कितीतरी सहज संयोग पावतो. मुलांनी उतरवून घेतले. एका मुलीने विचारले, "बाई, रंग न्हाय, वास न्हाय, मग तो हाय हे कळतं कसं?" मी म्हटले, प्रश्न चांगला आहे, पण अभ्यासक्रमात नाही. घंटा झाली.

हेच उत्तर मी बारावीला लिहिले होते; पूर्ण गुण मिळाले होते.

घरी आले तेव्हा खोलीत सगळे गाढ झोपले होते. मी दिव्याशी बसले. त्या तिघांच्या श्वासांत माझा श्वास मिसळला आहे असे वाटले, आणि क्षणभर मी एकटी नव्हते. मग मलाही झापड आली. टेबलावर डोके टेकून किती वेळ गेला, कळले नाही. आईने हाक मारली म्हणून जेवायला उठले.

सोमवार, ३० डिसेंबर. इंदापूर, दवाखाना

वही मांडीवर धरून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाईट येईल.

काल रविवार. नाना बाजाराला, आई मळ्यात. भागुबाईने न्हाऊ घातले, लाल कोळशांची शेगडी बाजेखाली ठेवली, दार ओढून घेतले आणि ती गेली. अक्काच्या एका बाजूला बाळ, दुसऱ्या बाजूला श्रेया. मी बाहेर ओसरीवर पुस्तक वाचत बसले होते. घर फार शांत होते. शांतता मला आवडली, हेही लिहून ठेवते.

जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी घंटेचे सेल बदलायला हवेत का, हे पाहायला दुपारी आत गेले. बुद्धवंदनेच्या अगरबत्त्यांतली एक पेटवून डब्यापाशी धरली. घंटा खणखणीत वाजली.

श्रेया उठली नाही.

घंटा वाजली की ती असेल तिथून धावत येते. काल ती घंटेपासून हातभर अंतरावर होती. बाळ दचकले नाही, त्याच्या मुठी उघडल्या नाहीत. अक्का "बंद कर गं ते" म्हणाली नाही. मी अगरबत्ती तशीच धरून उभी होते, घंटा वाजतच होती, आणि माझ्या मनात आले ते एवढेच की घंटेचा आवाज कमी झाला असावा.

मग बाजेखालचे लाल निखारे दिसले, आणि फळ्यावरचे माझेच अक्षर डोळ्यांसमोर आले.

मी बाळाला उचलून अंगणात नेले, घोंगडीवर ठेवले, पुन्हा आत गेले, श्रेयाला काखेला मारून आणले. अक्का मला उचलेना. मी ओरडले. मला ओरडता येते हे मला माहीत नव्हते. शेजारच्या बनाबाई आणि त्यांचा मुलगा भीमा धावत आले. भीमाने अक्काला बाजेसकट दाराबाहेर ओढले. तिने डोळे उघडले आणि ती भडाभडा ओकली. श्रेया थोड्या वेळाने रडू लागली. बाळ रडले नाही. भीमाच्या टेम्पोत, उघड्या हौद्यात, वाऱ्याकडे त्याचे तोंड करून मी इंदापूरपर्यंत बसले. इतके दिवस त्याला वारा लागू नये म्हणून आम्ही धडपडत होतो.

डॉक्टरांनी प्राणवायू लावला. मग विचारले, "खोलीत धूर होता?"

"नव्हता," मी म्हणाले. "जराही नव्हता." हे मी जवळजवळ अभिमानाने सांगितले.

"शेगडी होती?"

"होती."

"दार-खिडकी बंद?"

मी मान हलवली.

"तुमचं शिक्षण काय झालंय?"

"बी.एस्सी."

"मग तुम्हाला मी काय सांगू?" ते म्हणाले. आवाज वाईट नव्हता. वाईट असता तर बरे झाले असते.

संध्याकाळी बाळ रडले. वॉर्डातल्या एका बाईने वैतागून कूस बदलली. मी भिंतीला टेकून खाली बसले.

गुरुवार, २ जानेवारी १९९७

काल घरी आलो. बाळ पिते, हातपाय हलवते. पुढचे काही महिने नीट लक्ष ठेवायला सांगितले आहे. ते वाक्य घरात कुणी पुन्हा उच्चारत नाही.

गावभर एकच बोलणे आहे: घंटी वाजली म्हणून पोरं वाचली. दहावीच्या निकालानंतर आले होते तितके लोक पुन्हा आले. बनाबाई म्हणाल्या, "मास्तरीण, आमच्या सूनबाईचे दीस भरलेत. तिला बी एक घंटी करून दे बाई. मग आमी बी निवांत शेकतो." मी काही बोलणार तोवर आईने चहा आणला आणि विषय बदलला.

शाळेत मुख्याध्यापकांनी प्रथमच बसायला खुर्ची दिली. "जिल्ह्याला आता काळजी नाही. बालकाचे प्राण वाचवणारे उपकरण! तुम्ही फक्त प्रसंग सांगायचा." मी म्हटले, "सर, उपकरण त्या वायूला वाजत नाही. माझ्या अगरबत्तीला वाजले." ते हसले. "तेवढं कशाला सांगायचं? वाजलं ना?"

इतकी वर्षे मला वाटत असे की मी बोलत नाही, कारण माझे कुणी ऐकत नाही. आता सगळे ऐकायला बसले आहेत, आणि जे ऐकायचे आहे तेवढेच त्यांना हवे आहे. "निवांत शेकतो" हे शब्द कानातून जात नाहीत.

रविवार, ५ जानेवारी

भागुबाई त्या दिवसापासून आलेली नाही. आईने तिला निरोपही धाडला नाही. कुणी म्हणते, तिचा हातच वाईट. आज मी तिच्या घरी गेले. ती उंबऱ्याशी धान्य निवडत होती. तिने वर पाहिले नाही.

"चाळीस वर्सं शेकतीया मी. एक पोर दगावलं न्हाय."

"माहीत आहे."

"तू म्हणलीस धूर नगं. म्या धूर भाईर ठिवला. तू म्हणलीस घंटी गप तर समदं ठीक. घंटी गप हुती."

"होय. मीच म्हणाले होते."

तिने सूप खाली ठेवले. मला वाटले होते ती उठून आत जाईल.

मग मी बोलत गेले. वर तिच्या घराच्या कौलांकडे बोट दाखवले. त्यांतून उन्हाचे ठिपके जमिनीवर पडले होते. मी म्हटले, तुम्ही चाळीस वर्षे अशा घरांत शेकले. कौलांतून, कुडांतून धूर जायचा आणि त्याच्यासोबत तो दुसराही जायचा, जो दिसत नाही. नानांनी स्लॅब टाकला. आपण फटी बुजवल्या. धूर नको म्हणून निखारे आणले, पण त्या दुसऱ्याला धूर लागतच नाही. लाल निखाऱ्यांतून तो गुपचूप येतो. माझी घंटा त्याला ओळखत नाही. देव सोडताना आपण प्रत्येक देवाला विचारले होते, तू कशाला हवास? शेगडी देव नव्हती, म्हणून तिला कुणी विचारलेच नाही. मीही नाही.

भागुबाईने वर कौलांकडे पाहिले.

"म्हंजी खोलीनं केलं."

"खोलीने, माझ्या घंटेने आणि त्या बोळ्यांनी."

"मग बनाबाईच्या सुनंला आता काय करू? तिची बी खोली स्लॅबाचीच हाय."

"शेगडी बाहेरच ठेवायची. विटा तापवून, फडक्यात गुंडाळून आत न्यायच्या. आणि खिडकी बोटभर उघडी."

"बाळंतिणीला वारं लागलं तर मला जित्ती ठिवतील का त्या?"

"मी सांगेन."

"तू?" ती हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "तू सांगशील? तुला यष्टीत तिकीट मागता येत न्हाय."

परत येताना शाळेला चिठ्ठी लिहिली की घंटा जिल्ह्याला पाठवणार नाही. कारण लिहिले, तेही पूर्ण.

रविवार, १९ जानेवारी

अक्का आज सणसरला गेली. लवकर गेली, सासरचे लोक म्हणाले, माहेरात काळजी घेतली नाही. नाना गाडी ठरवायला गेले. सामान बांधताना अक्का माझ्या शेजारी येऊन बसली.

"त्या दिवसांत माझं डोकं सारखं ठणकायचं. मला वाटायचं, मुलगा झाला तरी मला आनंद कसा होईना? मी कसली आई म्हणायची? कुणाला सांगायची लाज वाटायची."

"मलाही वाटायचे," मी म्हणाले.

"काय?"

मी एसटीच्या खिडकीविषयी सांगितले. तिने माझा हात धरला. आम्ही दोघी एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, एकच विष घेत होतो, आणि प्रत्येकीला वाटत होते की दोष आपल्या मनाचा आहे.

श्रेयाने घंटा मागितली. मी दिली. ती आता डब्यात बोट घालून दिवा झाकते, घंटा वाजवते आणि सगळ्यांना सांगते, "धूल न्हाय, माझं बोट हाय." गाडी निघाल्यावरही वळणापर्यंत घंटा ऐकू येत होती.

खोली पुन्हा माझी झाली. मी बोळे उपसून काढले, खिडकी सताड उघडली. गारठा आत येतो आहे. डोके अजिबात दुखत नाही. म्हणजे घरच्या माणसांवर माझा जीव नव्हता असे नाही, हे आता सिद्ध झाले. आणि सिद्ध झाले तेव्हा ती माणसे निघून गेली होती. जे एकटेपण उरले आहे ते कोळशाचे नाही. ते माझे आहे.

एवढे लिहून झाल्यावर रस्त्यावरून भागुबाईची हाक आली. मध्ये थांबून ऐकले. खिडकी बंद असती तर ऐकू आली नसती.

"मास्तरीण, ए मास्तरीण. बनाबाईची सून मोकळी झाली काल, पोरगी हाय. आज पयली आंगुळ. मी विटा तापवाय लावल्यात, पण बनाबाई खिडकी उघडू देईना. म्हणती, आदी घंटी आण. चल, तूच सांग तिला."

मी म्हटले, येते. ती जागची हलली नाही. पदर कानावरून घेऊन गजाला धरून उभी आहे आणि मी काय लिहिते ते पाहते आहे.

"लिवतीस काय अजून? तितं बोलायचं हाय."